शाईतील लोह आणि आपली दप्तरे

दस्तऐवजांचे शत्रू कोण, असे विचारले असता वाळवी, कसर, पाणी, उंदीर आणि आग ही नावे कोणीही सांगेल. परंतु ज्या शत्रूला दप्तरात शिरण्यासाठी बाहेरून यावेच लागत नाही, जो लेखणीच्या टोकातून कागदावर उतरतो आणि लेखनाच्या पहिल्या दिवसापासून शतकानुशतके आपले काम अखंड चालू ठेवतो, त्याचा उल्लेख आपल्याकडील चर्चेत क्वचितच होतो. हा शत्रू म्हणजे शाईतील लोह. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत युरोपातील राजदरबारांनी, धर्मपीठांनी, न्यायालयांनी आणि व्यापारी वखारींनी आपले बहुतेक महत्त्वाचे लेखन ज्या शाईने केले, ती मायफळाचा काढा, हिराकस आणि डिंक यांच्या मिश्रणातून सिद्ध होत असे. लिहिताना फिकट दिसणारी ही शाई हवेच्या संसर्गाने काळीभोर होते, कागदाच्या तंतूंत मुरते आणि सहजासहजी खरवडून काढता येत नाही. याच गुणामुळे सनदा, तहनामे आणि कर्जरोखे यांच्यासाठी तिची योजना झाली. पण कालांतराने काळी अक्षरे तपकिरी होतात, त्यांची छाया पानाच्या पाठीवर उमटते, अक्षरांच्या कडेने सूक्ष्म तडे जातात आणि अखेर, समास पूर्ण शाबूत असताना, मजकूरच तेवढा गळून पडतो. जे लिहिले होते त्याच्याच आकाराची भोके पानात उरतात.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मोडी कागदांचे रुमाल येतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या इतिहासाचा मोठा भाग मराठ्यांच्या शेजाऱ्यांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनी लिहून ठेवलेला आहे, ही गोष्टही तितक्याच आदराने ध्यानात ठेवली पाहिजे. पोर्तुगीजांनी १५९५ साली आपल्या पूर्वेकडील राज्याचे दप्तर गोव्यात स्वतंत्रपणे स्थापन केले आणि इतिहासकार दियोगु दु कौतु यांना त्याचे पहिले रक्षक नेमले. त्या दप्तराचा वारसा आज पणजीच्या पुराभिलेखागाराकडे आहे. शिवाजी महाराजांशी झालेली बोलणी, १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर केलेली स्वारी, चिमाजीअप्पांची १७३७ ते १७३९ या काळातील साष्टी-वसईची मोहीम, या सर्वांची पलीकडची बाजू पोर्तुगीजांच्या कागदांत आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आपले आयुष्य त्या दप्तराच्या सेवेत वेचले, तेथील राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तांत संपादून प्रसिद्ध केले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास मराठीत लिहून आपल्या सर्वांना ऋणी करून ठेवले. मुंबईच्या पुराभिलेखागारात सुरतेच्या इंग्रज वखारीच्या सतराव्या शतकातील रोजनिशा आहेत. शिवकालाचा अभ्यासक त्यांच्याकडे वारंवार वळतो. पोर्तुगीज असो की इंग्रज, या लेखकांच्या दौतीत जी शाई होती ती युरोपच्या प्रथेप्रमाणे लोहाची. तेव्हा वसईच्या रणसंग्रामाचा पोर्तुगीज कारकुनाने लिहिलेला अहवाल आणखी शंभर वर्षांनी वाचता येईल की नाही, हा प्रश्न इतिहासाचा आहे, तसाच तो रसायनशास्त्राचाही आहे.

आपल्या मोडी दप्तराचे दैव या बाबतीत अधिक चांगले. काजळ आणि डिंक यांची शाई, बोरूची लेखणी, आणि जुन्नर किंवा दौलताबादेजवळचा कागजीपुरा अशा ठिकाणी चिंध्या व दोरखंड कुटून केलेला, खळ देऊन घोटलेला हातकागद, ही आपली सामग्री. काजळ म्हणजे शुद्धप्राय कार्बन. तो कागदावर नुसता बसून राहतो, तंतूंशी कोणतीही रासायनिक क्रिया करीत नाही. म्हणूनच इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांच्या कोनाड्यांतून जे कागद उचलून आणले, त्यांना वाळवीने कुरतडले असेल, गळक्या छपराने भिजवले असेल, पण त्यांच्या अक्षरांनी त्यांना खाल्ले नाही. तथापि येथेही निर्धास्त राहता येत नाही. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करण्याच्या कृती आपल्याकडेही ज्ञात होत्या. आणि १८१८ नंतर कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून विलायती कागदाबरोबर विलायती शाईही आली. एकोणिसाव्या शतकातील महसुलाचे हिशेब, दिवाणी निवाडे, इनाम कमिशनच्या चौकशीचे कागद, नगरपालिकांच्या नोंदी, शाळांची दप्तरे यांपैकी जे जे या शाईत लिहिले गेले, ते सर्व एकाच व्याधीच्या कक्षेत येते.

ही व्याधी नेमकी काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय तिच्या उपायाची किंमत कळणार नाही. कागद म्हणजे सेल्युलोज. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायां यांनी १८३८ साली वनस्पतींच्या पेशीभित्तीतून हे द्रव्य वेगळे केले. पुढे १९२० च्या सुमारास हेर्मान श्टाउडिंगर यांनी असे प्रतिपादन केले की, सेल्युलोज, रबर, रेशीम यांसारखी द्रव्ये म्हणजे लहान रेणूंचे सैल पुंजके नव्हेत, हजारो घटक एकमेकांना बंधांनी जोडून झालेले ते महारेणू आहेत. या प्रतिपादनाला प्रारंभी मोठा विरोध झाला आणि त्याची योग्यता मान्य होऊन नोबेल पारितोषिक मिळण्यास १९५३ साल उजाडावे लागले. अशा महारेणूंना आज आपण बहुवारिके म्हणतो. कापसाच्या तंतूतील सेल्युलोजच्या एकेका साखळीत दहा हजारांच्या आसपास ग्लुकोजचे घटक असतात. चिंध्या कुटून, धुऊन, गाळून कागद होईपर्यंत ही लांबी हजार-दोन हजारांवर येते, आणि ती दोनशेच्या जवळपास घसरली की कागद हाताळण्याच्या लायकीचा राहत नाही. आता गणित करून पाहावे: हजार घटकांची साखळी चारच ठिकाणी तुटली तर तिचे दोनशे-दोनशेचे पाच तुकडे होतात. म्हणजे नऊशे नव्याण्णव बंधांतील चार गेले, नऊशे पंचाण्णव जागच्या जागी आहेत, तरी पान मात्र गेले. बहुवारिकांचे हे वैशिष्ट्य आहे की त्यांचे सामर्थ्य त्यांच्या लांबीत असते, आणि म्हणून अत्यल्प हानीनेही त्यांचा सर्वनाश होऊ शकतो.

लोहाची शाई हे बंध दोन मार्गांनी तोडते. पहिला मार्ग अम्लाचा. हिराकस आणि मायफळातील टॅनिन यांचा संयोग होताना गंधकाम्ल मोकळे होते आणि ते पाण्याच्या साहाय्याने सेल्युलोजच्या साखळीचे विच्छेदन करते. हा मार्ग फार पूर्वीपासून ज्ञात होता व त्यावरचा इलाज म्हणून चुन्याच्या निवळीसारख्या अल्कधर्मी द्रवांत कागद धुण्याची पद्धतही पडली. परंतु अम्ल धुऊन काढलेले कागदही पुढे कुजतात, असे जेव्हा दिसून येऊ लागले, तेव्हा दुसऱ्या मार्गाकडे लक्ष गेले. शाई करणाऱ्याने हिराकस बहुधा गरजेपेक्षा अधिक घातलेला असे. टॅनिनशी न बांधले गेलेले हे जास्तीचे लोह कागदात मोकळे राहते. केंब्रिज येथील हेन्री फेंटन यांनी १८९४ साली दाखवून दिले की, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात लोहाचा अल्पसा अंशही सेंद्रिय द्रव्याचे प्रखर ऑक्सिडीभवन घडवून आणतो. आणि १९३४ साली हाबर व वाइस यांनी त्या क्रियेच्या मुळाशी हायड्रॉक्सिल हे मुक्त मूलक असल्याचे मांडले. ज्या अणूच्या किंवा रेणूच्या बाह्य कक्षेत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदारावाचून एकटा राहिलेला असतो, तो मुक्त मूलक. हायड्रॉक्सिल हे त्या जातीतील अत्यंत उग्र. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांशाच्या मापाने मोजावे लागते आणि तेवढ्या अवधीत ते जेथे जन्मले तेथल्याच शेजारच्या रेणूवर तुटून पडते. कागदात लोह अक्षरांच्या रेघांतच असते. त्यामुळे रेघांवरच घाव बसतो आणि समास वाचतो. ज्या रेणूवर घाव बसला तोही मूलक बनतो, हवेतील ऑक्सिजन घेतो, नवीन पेरॉक्साइड निर्माण करतो, आणि ते पेरॉक्साइड पुन्हा लोहाशी भिडते. लोह स्वतः खर्ची पडत नाही. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाऊन ते परत येते व नव्या घावास सिद्ध होते. ज्या मुलखात पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वरच राहते, त्या कोकणपट्टीत आणि गोव्यात या चक्राला लागणारे पाणी आपोआप पुरवले जाते, हे निराळे सांगायला नको.

मुक्त मूलकांची ही कथा वाचकांनी आरोग्याच्या संदर्भात निश्चितच ऐकली असेल. मानवी देहातही तीन-चार ग्रॅम लोह असते, आणि तेथेही प्रथिने व डीएनए ही बहुवारिकेच त्याच्या टप्प्यात असतात. निसर्गाने योजलेला पहिला बंदोबस्त असा की, लोह मोकळे राहूच द्यायचे नाही: फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या एका पोकळ गोलकात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू कोंडून ठेवता येतात, आणि रक्तातून त्याची ने-आण ट्रान्सफेरिन हे दुसरे प्रथिन करते. याच्या मागे, जे मूलक तरीही निर्माण होतील त्यांचा निकाल लावणारी एंझाइमे उभी असतात. बाजारात ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणून विकले जाते त्या गोळ्यांचा या व्यवस्थेशी संबंध फार दूरचा आहे, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता अठरा टक्क्यांनी अधिक आढळला. रक्षक द्रव्य कोणते आहे याला जितके महत्त्व आहे, तितकेच ते कोठे, कोणाच्या शेजारी आणि कोणत्या मार्गाने काम करणार आहे यालाही आहे. आणि ज्या एका क्षेत्रात हे तत्त्व पुरेपूर ओळखून ऑक्सिडीभवन-रोधकाचा उपयोग झाला, ते क्षेत्र मला औषधाच्या दुकानापेक्षा दप्तरखान्यातच दिसते.

१८९८ हे साल या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षीच्या शरदात स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथे, व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख फ्रान्झ एर्ले यांच्या पुढाकाराने, शाईमुळे झिजणाऱ्या हस्तलिखितांचे काय करावे याचा विचार करण्यासाठी अनेक देशांचे ग्रंथपाल एकत्र जमले. एकीकडे दस्तऐवज शोधून छापण्याची तळमळ, दुसरीकडे ते वाचवण्याची. आपल्याकडे पहिल्या तळमळीची परंपरा अत्यंत थोर आहे: १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड ही त्याची साक्ष. दुसऱ्या तळमळीची परंपरा मात्र आपण तितक्या निष्ठेने उभी केली नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

सांक्ट गालेननंतरचा मार्ग सरळ नव्हता. नायट्रोसेल्युलोजचा एक रोगणासारखा लेप त्या काळी रामबाण म्हणून पुढे आला आणि काही काळाने तोच लेप स्वतः विघटन पावून कागदास जाचक ठरला. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयातील योहान सेबास्टियन बाख यांच्या स्वहस्ताक्षरातील स्वरलेखनांची अवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीस इतकी बिकट झाली होती की, कित्येक पानांचे पुढचा व मागचा असे दोन पापुद्रे अलग करून त्यांच्यामध्ये नवा पातळ कागद घालण्याचे धाडसी कौशल्य कारागिरांना पणाला लावावे लागले. अखेर १९९५ साली नेदरलंड्सचे योहान नेव्हेल यांनी अशा एका द्रव्याचा प्रस्ताव मांडला की, जे रोगाच्या लक्षणावर न थांबता त्याच्या मुळावर, म्हणजे मोकळ्या लोहावर, हात घालते. ते द्रव्य म्हणजे फायटेट.

फायटिक अम्ल हे गहू, तांदूळ, ज्वारी, कडधान्ये यांच्या दाण्यांत निसर्गतःच असते. बीज आपला फॉस्फरसचा साठा या रूपाने बाळगते. त्याच्या रेणूवर सहा फॉस्फेट गट असतात आणि ते लोहाच्या अणूला सर्व बाजूंनी असे वेढतात की पेरॉक्साइडला शिरकाव करण्यास जागाच उरत नाही. ग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली फायटिक अम्लाला नैसर्गिक ऑक्सिडीभवन-रोधक म्हटले ते याच कारणाने. दाणा वर्षानुवर्षे कोठारात पडून राहूनही त्यातील सजीव द्रव्य टिकते, त्यात या बंदोबस्ताचाही वाटा असावा. आहाराच्या दृष्टीने हाच गुण दोष ठरतो, कारण अन्नातील लोह अशा रीतीने जखडले गेले की ते आतड्यात शोषले जात नाही. आपल्या घरांतून मटकीला मोड आणण्याची आणि पीठ आंबवण्याची जी रीत आहे, तिने फायटेटचे प्रमाण घटते आणि लोह अंगी लागते. स्वयंपाकघरात जे द्रव्य कमी करण्यात हित आहे, तेच द्रव्य दप्तरखान्यात आणून शाईतील लोहावर सोडावे, ही कल्पना मला शास्त्रीय प्रतिभेचा उत्तम नमुना वाटते.

उपचाराची रीत अशी. प्रथम एक निर्वर्ण चाचणी-पट्टी किंचित ओली करून अक्षरावर क्षणभर दाबतात. मोकळे फेरस लोह असल्यास ती गडद गुलाबी होते. असे लोह आढळलेले पान, त्यावरील अन्य रंग व शिक्के पाणी सहन करतील याची खात्री करून, काळजीपूर्वक भिजवतात. मग कॅल्शियम फायटेटच्या द्रावणात ठेवतात. पट्टीने गुलाबी होणे सोडले की कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घालतात, त्यामुळे उरलेले अम्ल शमते आणि कागदात चुनखडीचा सूक्ष्म साठा राहून पुढच्या अम्लाचीही तजवीज होते. शेवटी पातळ जिलेटिनचा हात देऊन पानाला पुन्हा बळकटी आणतात. म्हणजे दोन शत्रूंवर दोन स्वतंत्र इलाज: अम्लासाठी अल्क, मूलकांसाठी रोधक. यातील एकच केला आणि दुसरा सोडला तर श्रम बहुतांशी वाया जातात, हा गेल्या शतकाचा अनुभव आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या न लपवता सांगितल्या पाहिजेत. तुटलेल्या साखळ्या फायटेटने जुळत नाहीत. जे गळून गेले ते गेले. हिराकसात मोरचुदाची भेसळ असणे जुन्या काळी सामान्य होते, आणि तांब्यावर फायटेटचा प्रभाव फारसा पडत नाही. पाण्यात घालण्यासाठी ग्रंथाची शिवण उसवून पाने सुटी करावी लागतात, आणि मूळ बांधणी हाही इतिहासाचाच भाग असल्याने प्रत्येक खंडासाठी ते उचित नसते. या अडचणींवर तोड म्हणून ल्युब्लियाना येथील याना कोलार, मातिया स्ट्रलिच व त्यांचे युरोपीय सहकारी यांनी पाण्याऐवजी अन्य द्रावकांतून देता येतील अशा ब्रोमाइडयुक्त रोधकांवर काम केले आणि ती तांब्यावरही चालतात असे दाखवले. अननुभवी हाताने केलेला उपचार मात्र उपचार न करण्याहून वाईट: ओलसर खळ लावून जुन्या पानाला पाठीमागून कागद चिकटवणारा माणूस लोहाला पाण्याबरोबर अक्षरातून बाहेर पसरण्याची वाट करून देतो, आणि जी व्याधी रेघेपुरती होती ती पानभर होते.

आपल्याकडे दुरुस्तीचा जो मार्ग दीर्घकाळ रूढ होता, तो सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पटलात कागद बंद करण्याचा. उष्ण यंत्राऐवजी ॲसिटोनने हातांनी हे काम करण्याची पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली आणि साधनांचा तुटवडा असलेल्या काळात तिने पुष्कळ कागद वाचवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु लोहाच्या शाईचा कागद अम्ल न शमवता व लोह न जखडता पटलात बंद केला, तर आतली क्रिया थांबत नाही. बाहेरून पान गुळगुळीत, आतून झिजते. आणि पुढच्या पिढीतील रसायनज्ञाला आधी पटल सोडवावे लागते, मग मूळ रोगाकडे वळावे लागते. ज्या संस्थेत आजही हा प्रघात चालू असेल, तेथे तो लोहाच्या शाईच्या बाबतीत तत्काळ बंद व्हावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते: सर्व दप्तराची संगणकीय छायाचित्रे घेऊन ठेवली की काम भागले. छायाचित्रणाचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. त्याने दूरच्या अभ्यासकाला घरबसल्या कागद वाचता येतो आणि मूळ प्रतीला हात लावण्याचे प्रसंग घटतात, हा लाभ मोठा आहे. परंतु अस्सल आणि नक्कल यांत आपला पुरावाविषयक कायदा भेद करतो तो निष्कारण नाही. कागदाचे जलचिन्ह, शाईतील धातूंचे प्रमाण, लेखणीचा दाब, खाडाखोडीखाली दडलेला पहिला पाठ, मागाहून वेगळ्या शाईने घुसवलेला शब्द, यांचा शोध मूळ पानावरच घेता येतो, आणि उद्या जी उपकरणे निघतील त्यांना विचारण्याजोगे प्रश्न आपल्याला आज सुचणारही नाहीत. सरदेसायांचे पंचेचाळीस खंड छापून झाले म्हणून पुण्याचे पेशवे दप्तर निरुपयोगी झाले नाही. संशोधक पाठभेद ताडून पाहण्यासाठी आजही मूळ रुमालाकडेच जातो. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट आहे. छायाचित्रासाठी प्रत्येक पान उलटावे लागते, आणि ज्या पानाची अक्षरे तड्यांनी वेढलेली आहेत ते पान उलटतानाच अक्षरे सोडून देते. म्हणून चित्रणाच्या अगोदर निदान व्हावे, आणि निदानात धोका दिसलेली पाने उपचार झाल्याखेरीज चित्रणाच्या मंचावर जाऊ नयेत, हा क्रम ठरवून दिला पाहिजे.

खर्चाचा आक्षेपही तपासून घ्यावा. फायटिक अम्ल, चुनखडी, जिलेटिन, चाचणीच्या पट्ट्या, यांतील एकही वस्तू दुर्मीळ नाही आणि इमारती किंवा यंत्रे यांच्या मानाने तिचे मोल अल्प आहे. जे महाग आहे ते म्हणजे शिकलेला हात आणि त्या हाताला दिलेला अवकाश. एका पानाला अनेक स्नाने, प्रत्येक स्नानानंतर परीक्षा, मग वाळवणे, मग दाबणे. हे काम नगावर मोजून ठेकेदाराकडे सोपवण्याचे नव्हे. त्यासाठी पुराभिलेख खात्यात संरक्षण-रसायनज्ञाची कायम पदे हवीत, त्यांना वेतन व बढतीची तीच शाश्वती हवी जी अन्य शास्त्रीय सेवकांना असते, आणि दप्तराचे आधुनिकीकरण या एका व्यापक शीर्षाखाली ही बाब विरून न जाता अंदाजपत्रकात तिला स्वतंत्र तरतूद हवी. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आणि बहुवारिकांच्या अभ्यासात तिचा लौकिक मोठा आहे. त्याच शहरात पेशवे दप्तर आणि इतिहास संशोधक मंडळ आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संरक्षणाचे केंद्र आहे. या संस्था एकमेकींपासून फार दूर नाहीत. आपल्या आर्द्रतेत, आपल्या उष्णतेत फायटेटने उपचार केलेला कागद कसा टिकतो, खळ दिलेल्या देशी हातकागदावर जिलेटिनऐवजी काय अधिक मानवेल, या प्रश्नांची उत्तरे हॉलंडमधून येणार नाहीत. ती येथेच शोधावी लागतील, आणि एखाद्या तरुण रसायनज्ञाने आपल्या प्रबंधासाठी याहून योग्य विषय कोणता निवडावा?

प्रारंभ मोठ्या योजनेनेच व्हायला हवा असे नाही. गोवा आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी आपापल्या पुराभिलेखागारांतील लोहाच्या शाईच्या खंडांची पाहणी एका ठरावीक मुदतीत पुरी करावी. प्रत्येक खंडातील काही पाने पट्टीने तपासावीत. अक्षराभोवती केवळ छाया आहे, पाठीवर तपकिरी डाग उतरला आहे, तडे गेले आहेत, की मजकूर गळू लागला आहे, अशी चार अवस्थांत नोंद करावी आणि ती नोंद अभ्यासकांना खुली ठेवावी. अशा नोंदीवरून तडे गेलेले पण अद्याप न गळलेले खंड निवडता येतील, आणि उपचाराचा सर्वाधिक लाभ त्यांनाच होणार आहे. दरम्यान साठवणीच्या खोल्यांतील आर्द्रता खाली आणून रात्रंदिवस स्थिर ठेवणे, हे काम कोणत्याही रसायनाची वाट न पाहता आजच सुरू करण्याजोगे आहे. दिवसा कार्यालयीन वेळेत यंत्र चालवून रात्री बंद करण्याने होणारा चढउतार कागदास जाचतो, हे इमारत खात्याच्या अधिकाऱ्यांना नीट समजावून सांगितले पाहिजे.

खाजगी घरांतही असे कागद आहेत. ज्या देशमुख, इनामदार, कुलकर्णी, देसाई घराण्यांच्या पेटाऱ्यांत इंग्रजी अमदानीतील सनदा, न्यायालयाचे हुकूमनामे, मिशनऱ्यांची किंवा कंपनीच्या साहेबांची पत्रे असतील, त्यांनी ती पेटी पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर उघडून पाहावी. तपकिरी पडलेली शाई दिसली तर ते कागद घडीवर दुमडू नयेत, उन्हात वाळत घालू नयेत, चिकटपट्टी लावू नये, दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये बंद करवून घेऊ नयेत, आणि स्वच्छ करण्याच्या हेतूने ओला बोळा तर मुळीच फिरवू नये. अम्लरहित कागदाच्या पाकिटात एकेक पान सपाट ठेवून, पेटी जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवून, जवळच्या पुराभिलेखागाराला लेखी कळवावे. आणि असे पत्र आल्यावर खात्याने चाचणी-पट्टी घेऊन माणूस पाठवावा, कागद मालकाच्या ताब्यातून न काढता त्याची अवस्था नोंदवावी व उपचाराचा सल्ला विनामूल्य द्यावा, अशी तरतूद नियमांत केली गेली पाहिजे.